दिल्लीचं तिसरं टरेट

प्रश्न : माझे वडील १९६०च्या दशकात आयएनएस दिल्लीवर स्टोकर (बॉयलर सांभाळणारे) होते. ‘आमची बोट जर्मनांशी लढलेली आहे’ असं ते छातीठोकपणे सांगायचे. नेटवर शोधलं तर एचएमएस दिल्ली नावाची ब्रिटिश क्रूझर, म्हणजे युद्धनौका, सापडली, पण ती १९४८ सालीच भंगारात गेलेली. शिवाय वडिलांकडच्या फोटोत पुढे दोन टरेट (तोफांचे फिरते बुरूज) आणि मागे एकच दिसतं. मग त्यांची बोट नेमकी कोणती? – एक वाचक, देवगड

उत्तर : वडील बरोबर होते. तुम्हाला नेटवर सापडली ती फक्त नावाची बहीण. ती १९१९ साली ब्रिटिश ताफ्यात आली, १९४१ मध्ये अमेरिकेत नेऊन तिच्यावर अमेरिकी पाच इंची तोफा चढवल्या आणि पुढे ती भूमध्य समुद्रात लढली. आपली दिल्ली म्हणजे मूळची एचएमएस अकिलीज. ती ५ जुलै १९४८ला आपल्याकडे आली. दोघींचा घोळ या एका सालामुळे होतो.

फोटोत ‘मागे एकच’ दिसतं, तीच तिची खूण. अकिलीजला सहा इंची आठ तोफा होत्या, दोन-दोनची चार टरेट. ५ जानेवारी १९४३ला पॅसिफिकमधल्या ग्वाडलकनाल बेटाजवळ जपानी बॉम्ब नेमका तिसऱ्या टरेटवर पडला आणि तेरा जण गेले. दुरुस्तीला तिला इंग्लंडात पोर्ट्समथला नेलं, तर तिथे जूनमध्ये बोटीवरच स्फोट होऊन गोदीचे चौदा कामगार मेले. मी गोदीतलाच माणूस, म्हणून हे मुद्दाम लिहितो. लढाईच्या वर्णनांत गोदीकामगार सहसा येत नाहीत. टरेट पुन्हा काही बसलं नाही. त्या जागी विमानविरोधी तोफा आल्या आणि सहा मोठ्या तोफांची बोट आपल्या पदरात पडली.

आता जर्मनांचं. १३ डिसेंबर १९३९च्या पहाटे उरुग्वेजवळ, प्लेट नदीच्या मुखाबाहेर, एक्झिटर, एजॅक्स आणि अकिलीज या तिघींनी ‘ग्राफ श्पे’ या जर्मन युद्धनौकेला गाठलं. तिच्या अकरा इंची तोफेचा एक गोळा सुमारे ३०० किलोचा, अकिलीजचा जेमतेम ५१. अप्रेंटिस असताना आम्ही असा सरावाचा सहा इंची गोळा दोघांनी मिळून उचलला होता आणि लगेच खाली ठेवला होता. तसले सहा गोळे समोरच्याच्या एका गोळ्याबरोबर! एक्झिटरची दैना झाली, एजॅक्सची मागची दोन्ही टरेट बंद पडली. अकिलीजवर जवळच पडलेल्या गोळ्याच्या ठिकऱ्या नेम धरणाऱ्या केबिनमध्ये घुसल्या. चौघे मेले, कॅप्टन पॅरी यांचे पाय जखमी झाले, पण तोफा थांबल्या नाहीत. ग्राफ श्पे माँटेव्हिडिओत शिरली आणि १७ तारखेला तिच्याच कप्तानानं तिला बाहेर आणून उडवून दिली. तेव्हा अकिलीजवर निम्म्याहून अधिक खलाशी न्यूझीलंडचे होते.

गंमत पुढे आहे. हेच पॅरी ऑगस्ट १९४८ मध्ये आपल्या नौदलाचे प्रमुख म्हणून आले, आणि ताफ्याची फ्लॅगशिप, म्हणजे प्रमुख बोट, कोण, तर त्यांचीच जुनी बोट! पुढे या लढाईवर इंग्रजी चित्रपट निघाला, त्यात दिल्लीनं अकिलीजचं, म्हणजे स्वतःचंच काम केलं. डिसेंबर १९६१ मध्ये दीवच्या कारवाईतही तिच्या तोफा चालल्या. वडील तेव्हा बोटीवर असतील तर बॉयलर रूममध्ये त्यांना तो दणका पायातून कळला असेल. खाली काम करणाऱ्यांना दिसत काहीच नाही.

३० जून १९७८ला मुंबईत ती निवृत्त झाली. आम्ही पोरं धक्क्यावर उभी होतो. आमचा चार्जमन (कामावरचा मुकादम) तंबाखू मळता मळता थांबला होता, एवढंच लक्षात आहे. बोट तोडली, पण सगळ्यात मागचं टरेट आपल्या सरकारनं न्यूझीलंडला भेट दिलं. ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट नौदल तळावर ते ठेवलं आहे. तुमच्या फोटोत मागे जे एकटं दिसतं, तेच.