जुन्या युरोपियन थ्रिलर सिनेमांत गोऱ्यांशिवाय कुणी दिसतं का?

तुम्ही विचारलंय की १९५०-६०च्या थ्रिलरमध्ये गोरे सोडून बाकीचे असतात का, की नुसते मागे उभे. खरं सांगू का, बरेचदा मागे पण नसतात. पण दोन सिनेमे मात्र नक्की बघा.

पहिला 'सफायर', ब्रिटिश, १९५९, डायरेक्टर बेसिल डिअर्डन. लंडनच्या नॉटिंग हिल भागात काळ्या लोकांवर हल्ले झाले, त्या दंगलींना जेमतेम वर्ष झालेलं. लंडनच्या हॅम्पस्टेड हीथवर एका कॉलेजातल्या पोरीची बॉडी सापडते, पोलिस तिला गोरी समजून तपासाला लागतात आणि मग तिचा सख्खा भाऊ येतो तर तो काळा, पेशाने डॉक्टर. अर्ल कॅमेरॉन म्हणून बर्म्युडाचा नट आहे, काय शांतपणे काम केलंय त्याने! आणि ते कपड्यांचं बघा, साध्या ट्वीडच्या स्कर्टखाली लालभडक पेटीकोट निघतो आणि त्या एका पेटीकोटवरून लोक तिच्याबद्दल काय काय ठरवून मोकळे होतात, आज बघताना पण कसंतरी होतं. (पुढे स्पॉयलर.) खून उघडकीला येतो तो पण तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्या घरी, हा डॉक्टर तिथल्या लहान मुलींची बाहुली हातात घेतो आणि तेवढ्यावरून घरातल्या एका बाईचा तोल सुटतो, आतलं सगळं विष बाहेर. पण गोची अशी की सफायरचं काम गोऱ्या नटीने केलंय आणि सिनेमा सुरू होतो तेव्हा ती मेलेलीच असते. सिनेमा तिच्या नावाचा, तिला एक वाक्य नाही.

म्हणून मला दुसरा जास्त आवडतो, ज्याँ-पिएर मेलव्हिलचा 'ल सामुराई', १९६७. ॲलन डेलाँ सुपारी घेऊन नाइटक्लबच्या मालकाला उडवतो आणि खोलीतून बाहेर पडताना समोर येते क्लबची पियानोवाली. हे काम कॅथी रोझिएने केलंय, काळी नटी, मूळची कॅरिबियन बेटांवरची. पोलिस ओळख परेडला बोलावतात, तिने त्याला अगदी समोरासमोर पाहिलेलं असतं, तरी सरळ सांगते, हा तो नाही. का? सिनेमा पटकन सांगत नाही आणि आपण पूर्ण वेळ तिच्या चेहऱ्याकडे बघत बसतो. तिच्या रंगावर कुणी काही बोलत नाही. ती बिचारी पण नाही, कुणाची मोलकरीण पण नाही, स्वतःची गाडी, स्वतःचं घर, आणि हिरोचा जीव तिच्या एका शब्दावर. आता कुणी म्हणेल ती पण शेवटी 'गूढ सुंदरी'च, ते मान्य, पण त्या काळात एवढं तरी कुठे मिळत होतं.

एक राहिलंच. लुई मालचा 'एलेव्हेटर टू द गॅलोज', १९५८. फ्रान्सच्या ताब्यातल्या अल्जेरियात स्वातंत्र्याचं युद्ध चालू असताना आलेला, हिरो तिथे लढून आलेला माजी पॅराट्रूपर, आणि अल्जेरियन माणूस काही लक्षात राहत नाही. पण हिरॉइन जान मोरो रात्री पॅरिसभर एकटी फिरते त्या सीनला जो ट्रम्पेट आहे तो जॅझवाल्या माइल्स डेव्हिसचा, डिसेंबर १९५७मध्ये सीन समोर चालू ठेवून जागच्या जागी वाजवलेला, ड्रम्सवर केनी क्लार्क. दोघंही काळे, दोघंही अमेरिकन, पडद्यावर कुठेच नाहीत. हा मात्र लॅपटॉपच्या स्पीकरवर नका बघू, हेडफोन लावा.