जॉयस्ट्रिंग्ज हा मुक्तिफौजेचा (साल्व्हेशन आर्मी या लष्करी धर्तीवर चालणाऱ्या ख्रिस्ती संस्थेचा) स्वतःचा बँड होता, की गणवेश घातलेले भाडोत्री गायक?

स्वतःचाच. १९६३ साली लंडनमधल्या मुक्तिफौजेच्या प्रशिक्षण महाविद्यालयात तो उभा राहिला. प्रमुख कॅप्टन जॉय वेब स्वतः अधिकारी, बाकीचे बहुतेक तिथलेच प्रशिक्षणार्थी. संस्थेचे नवे प्रमुख जनरल फ्रेडरिक कूट्स पत्रकारांपुढे म्हणाले होते की तरुणांपर्यंत पोचायला गिटार घेऊन कॉफी बारमध्येही जाऊ. पत्रकारांनी तेवढंच उचलून धरलं, मग बँड काढणं भागच पडलं! मात्र रेकॉर्ड काढल्या ईएमआयने, म्हणजे बाजारातल्याच कंपनीने. आणि ‘बीटल्सना टक्कर’ वगैरे ऐकलं असेल तर सोडून द्या: १९६४ मधली त्यांची दोन गाणी लोकप्रिय गाण्यांच्या ब्रिटिश यादीत पहिल्या चाळिसात आली, पहिल्या दहात एकही नाही. १९६९ मध्ये बँड थांबला.