स्ट्रोकनंतर हाताच्या व्यायामासाठी व्हिडिओ गेम वापरले तर खरंच फरक पडतो का?

तुमच्या वडिलांना स्ट्रोक येऊन तीन महिने झालेत, डाव्या हाताचे व्यायाम ते दोन मिनिटांत सोडून देतात आणि घरात मुलांचा गेमचा सेट पडून आहे, तो वापरला तर चालेल का असं तुम्ही विचारलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, जास्त पेशंट स्ट्रोकचेच बघते. चालेल, नक्की वापरा, पण गेम कोणता यापेक्षा त्यांचा डावा हात किती वेळा आणि कसा हलतोय याकडे लक्ष ठेवा.

हात परत शिकायचा म्हणजे तीच हालचाल पुन्हा पुन्हा, शेकडो वेळा करावी लागते, आणि नेमकं तेच होत नाही. २००९ साली एका अभ्यासात ३१२ थेरपी सेशन्स बघून आवर्तनं मोजली होती, तर हाताने प्रत्यक्ष काम करायचा सराव एका सेशनला सरासरी फक्त ३२ वेळा व्हायचा. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हाच आकडा शेकड्यांत असतो! गेमचा खरा उपयोग इथेच होतो, कारण खेळताना माणूस मोजत बसत नाही.

माझ्याकडे एक काका यायचे, हात वर उचला म्हटलं की दहा झाले की लगेच "झालं ना?" विचारायचे. त्यांना एकदा कॅमेऱ्यासमोर बसवून फुगे फोडायचा गेम दिला आणि मी मागे उभी राहून वहीत रेघा मारत होते, पंधरा मिनिटांत ऐंशीच्या वर रेघा झाल्या आणि तरी काका म्हणतायत थांबा, हा एक डाव होऊ दे. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

पण त्याच काकांचा खांदा मी दुसऱ्या दिवशी नीट बघितला तर फुगा उंच असला की ते हात उचलायच्या ऐवजी खांदा कानापर्यंत चढवत होते आणि कमरेतून अख्खे एका बाजूला कलत होते. स्कोअर वाढत होता, हात मात्र शिकत नव्हता. मग पाठ खुर्चीला टेकवून बसवलं, फुगे खाली आणले, स्पीड कमी केला. वी (निन्टेंडोचा, रिमोट हातात धरून हलवत खेळायचा गेमसेट) असेल आणि त्यावरचा टेनिस गेम खेळत असतील तर हे अजून जपा, कारण त्यात मनगटाचा छोटा झटका दिला तरी शॉट बसतो, कोपर सरळ झालंच नाही तरी चालतं.

आणि फिजिओ बंद करून फक्त गेम असं करू नका. २०१६ मध्ये १४१ पेशंटवर केलेल्या एका ट्रायलमध्ये काहींना वी दिलं आणि काहींना पत्ते, डॉमिनोज असले साधे खेळ, तर सुधारणा दोन्हीकडे जवळपास सारखीच दिसली. कॉक्रेन म्हणून संस्था आहे, ती एका विषयावरच्या सगळ्या ट्रायल्स एकत्र तपासते, तिच्या २०१७ च्या आढाव्यातही (७२ ट्रायल्स होत्या त्यात) नेहमीच्या थेरपीच्या जागी गेम दिला तर हाताला जास्त फायदा दिसला नाही, नेहमीच्या थेरपीत भर म्हणून दिला तेव्हा दिसला. म्हणजे जादू गेममध्ये नाहीये, जास्तीच्या सरावात आहे, आणि बाबांना पत्ते आवडत असतील तर डाव्या हाताने पत्ते वाटायला लावा, तोही सरावच.

सुरुवात बसूनच करा, उभं राहून खेळताना तोल जाऊन पडायची भीती असते. खांदा दुखत असेल किंवा कधी फिट आली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. लेव्हल अशी ठेवा की ते बऱ्याच वेळा जिंकतील, सारखं हरले की व्यायामासारखाच गेमही सोडतील. रिमोट धरता येत नसेल तर पट्टीने बांधतात, पण हाताला बधिरपणा असेल तर घट्ट बांधू नका, काचलं तरी त्यांना कळणार नाही.

पहिल्या दिवशी मोबाइलवर समोरून दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, खांदा आणि कंबर दोन्ही दिसेल असा, आणि तो तुमच्या फिजिओला दाखवा.