काका, तुम्ही राहणार कुठे?

ज्येष्ठांच्या समुपदेशनाचे काम हाती घेण्यापूर्वी मी बरीच वर्षे एका विमा कंपनीच्या आरोग्य दावे विभागात होते. त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्यांच्या मनात काळजी असली, तरी हातात बहुधा पॉलिसीचा कागद असतो. अलीकडे वारंवार येणारा प्रश्न असा, की मुले अमेरिकेत आहेत, आता उरलेले आयुष्य त्यांच्याजवळ काढायचे आहे, तर तिथे आजारी पडल्यास विमा कोणता? एका जोडप्याच्या अनुभवातून या प्रश्नाचे उत्तर सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

काका ६८ वर्षांचे, पुण्यात राहणारे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. काकू ६६ वर्षांच्या. एकुलती एक मुलगी न्यू जर्सीत, तिथली नागरिक. तिने अर्ज केल्यामुळे दोघांचा स्थलांतराचा व्हिसा मंजूर झाला होता आणि तिथे उतरल्यावर ग्रीन कार्ड मिळणार होते. काकांच्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये वर २०११ पासून अखंड चालू असलेली इथली पॉलिसी होती, तिच्याखाली मागच्या भेटीच्या वेळी घेतलेल्या प्रवासी विम्याचे माहितीपत्रक आणि सर्वांत तळाशी, चार घड्या घातलेला, त्यांच्या अँजिओप्लास्टीचा डिस्चार्जचा कागद. प्रश्न त्यांनी घरूनच तयार करून आणला होता: "मॅडम, इथली पॉलिसी बंद करून तोच पैसा तिकडच्या विम्याला लावला तर चालेल ना?"

मी त्यांना आधी मागच्या भेटीबद्दल विचारले. काका म्हणाले, "छान झाली." काकू मात्र पदराचे टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "दोन दिवस यांच्या छातीत जळजळत होतं. लेकीला सांगू दिलं नाही. ओव्याचं पाणी पीत बसले." हे ऐकून काकांनी माहितीपत्रक उलटून माझ्यापुढे सरकवले. 'आधीपासूनचे आजार वगळून' या ओळीखाली त्यांनी पट्टी लावून लाल रेघ मारलेली होती. हृदयाचे दुखणे निघाले असते तर सगळे बिल मुलीच्या डोक्यावर आले असते, असा त्यांचा हिशेब होता.

हा हिशेब अगदीच चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. अमेरिकेला पाहुणे म्हणून जाणाऱ्यांसाठीचे विमे ढोबळमानाने दोन जातींचे असतात. एका जातीत रुग्णालयातल्या एका दिवसाला इतके, शस्त्रक्रियेला इतके, अशा रकमा आधीच ठरलेल्या असतात आणि बिल कितीही आले तरी तेवढेच पैसे मिळतात. दुसऱ्या जातीत सुरुवातीची ठरावीक रक्कम आपण भरल्यानंतर उरलेल्या बिलाचा मोठा हिस्सा कंपनी उचलते. जुने आजार दोन्हींत सहसा वगळलेले असतात. मात्र जुन्या आजाराने अचानक उचल खाल्ली, तर वयाच्या आणि रकमेच्या मर्यादेत खर्च देणारे कलम काही योजनांत असते. काकांच्या योजनेत ते कलम होते. लाल रेघेच्या पुढच्याच पानावर होते. त्याची एक अट अशी होती, की त्रास सुरू झाल्यापासून २४ तासांच्या आत उपचार घ्यायला हवेत. ओव्याच्या पाण्यात काकांनी दोन दिवस काढले होते.

आता मात्र ते पाहुणे म्हणून जाणार नव्हते, म्हणून मी विचारले, "तुम्ही राहणार कुठे?"

"तिकडेच," काका म्हणाले आणि त्याच क्षणी काकू म्हणाल्या, "सहा महिने इथे, सहा महिने तिथे." मग दोघेही गप्प झाले. अशा वेळी मी मध्ये बोलत नाही. विम्याच्या प्रश्नाआड बहुतेक घरांत हाच न मिटलेला प्रश्न दडलेला असतो, आणि विमा तर राहण्याच्या ठिकाणावर ठरतो, त्यामुळे आधी तो सुटल्याशिवाय पॉलिसीची तुलना करण्यात अर्थ नसतो.

पुढच्या भेटीत मुलगी व्हिडिओ कॉलवर होती. बाबा आले की त्यांना मेडिकेअर मिळेल, अशी तिची समजूत होती, आणि ती अनेकांची असते. मेडिकेअर ही ६५ वर्षांवरील लोकांची सरकारी योजना खरी, परंतु नव्याने आलेल्या ग्रीन कार्डधारकाला तिथे सलग पाच वर्षे वास्तव्य झाल्यावरच ती विकत घेता येते. रुग्णालयाचा भाग, म्हणजे पार्ट ए, बिनहप्त्याने मिळण्यासाठी स्वतःची किंवा जोडीदाराची अमेरिकेतल्या नोकरीची ४० तिमाहींची, म्हणजे साधारण दहा वर्षांची, नोंद लागते. मुलीने भरलेला कर आई-वडिलांच्या खात्यात धरला जात नाही आणि पाटबंधारे खात्यातली नोकरीही तिथे मोजली जात नाही. तशी नोंद नसणाऱ्याला २०२५ च्या दराने पार्ट एसाठी महिना ५१८ डॉलर आणि डॉक्टरांच्या खर्चाच्या पार्ट बीसाठी १८५ डॉलर भरावे लागत होते, तेही माणशी.

"म्हणजे पाच वर्षं आम्ही उघड्यावर?" काकूंनी विचारले.

तसे नाही. कायदेशीर वास्तव्य असलेल्या आणि मेडिकेअर फुकट न मिळणाऱ्या ६५ वर्षांवरील माणसाला राज्याच्या विमा बाजारपेठेतून, म्हणजे खासगी कंपन्यांच्या योजना जिथे सरकारी देखरेखीखाली विकल्या जातात तिथून, योजना घेता येते. त्या योजनेत जुन्या आजारामुळे कोणाला नाकारता येत नाही, मधुमेह किंवा स्टेंट आहे म्हणून हप्ता वाढवता येत नाही आणि वयामुळे वाढणारा हप्ताही तरुण प्रौढाच्या तिपटीच्या पुढे जाऊ शकत नाही. काकांनी डिस्चार्जचा कागद फाइलच्या तळातून काढून वर ठेवला तो इथे. मुदत मात्र कडक असते. ग्रीन कार्डधारक म्हणून पोहोचल्यापासून साधारण ६० दिवसांत नाव नोंदवले नाही, तर वर्षअखेरीच्या नोंदणीपर्यंत थांबावे लागते. शिवाय न्यू जर्सीत २०१९ पासून रहिवाशाने विमा न घेतल्यास राज्याच्या करात दंड भरावा लागतो. नाव नोंदवल्यावर संरक्षण बहुधा पुढच्या महिन्याच्या १ तारखेला सुरू होते, म्हणून मधल्या काही आठवड्यांपुरता प्रवासी विमा ठेवायला मी सांगितले. हप्त्यात सरकारी सवलत मिळेल का, हे कुटुंबाच्या करविवरणावर ठरते. मुलीने आई-वडिलांना आपल्यावर अवलंबून दाखवले तर तिचे आणि जावयाचे उत्पन्नही त्यात धरले जाते. तो निर्णय मी तिच्या तिथल्या कर सल्लागारावर सोडला.

इथली पॉलिसी बंद करू नका, हे मात्र मी ठामपणे सांगितले. २०११ पासून अखंड असल्यामुळे काकांच्या जुन्या आजारांचा प्रतीक्षा काळ, म्हणजे ज्या सुरुवातीच्या काळात त्या आजारांचा खर्च मिळत नाही तो, केव्हाच संपला होता. सलग ६० महिने पूर्ण झाल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपवल्याचे कारण पुढे करून दावा नाकारता येत नाही, हे संरक्षणही त्यांनी मिळवले होते. १ एप्रिल २०२४ पासून नव्या पॉलिसीला वयाची आडकाठी उरली नसली, तरी स्टेंट असलेल्या सत्तरीच्या माणसाला नव्याने विमा देणे कंपनीवर बंधनकारक नाही आणि दिलाच तर प्रतीक्षा काळ पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजला जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेल्यामुळे हप्त्याचा भारही थोडा हलका झाला होता. उलट, मेडिकेअर अमेरिकेबाहेरच्या उपचारांचे पैसे काही मोजके अपवाद सोडता देत नाही, त्यामुळे पुण्यात असताना उपयोगी पडेल ती इथलीच पॉलिसी.

सहा-सहा महिन्यांची वाटणी काकूंच्या मनात पक्की होती, पण ती ग्रीन कार्डाच्या मुळावर येऊ शकली असती. ते कार्ड तिथे राहणाऱ्यासाठी असते. १८० दिवसांहून अधिक काळ बाहेर राहून परतले की प्रवेशाच्या वेळी विचारपूस होऊ शकते, आणि मेडिकेअरसाठीची पाच वर्षेही तिथल्याच वास्तव्याची हवी असतात. हे ऐकून काकूंचा चेहरा उतरला. मुलीने लगेच तिकिटांच्या तारखा सुचवायला सुरुवात केली, तेव्हा मी तिला थांबवले आणि काकूंना पुण्यात नेमके काय सोडवत नाही, ते विचारले. त्या म्हणाल्या, "दिवाळी. आणि माझी भिशी." काका हसले नाहीत. अडीच महिने पुरतील का, असे त्यांनी विचारले. काकूंनी बोटांवर आठवडे मोजले आणि होकारार्थी मान हलवली.

मार्चमध्ये ते गेले. इथला हप्ता पेन्शनच्या खात्यातून आपोआप जाईल अशी सोय बँकेत करून गेले. मेअखेरीस काकूंचा फोन आला. नाव मुदतीत नोंदवले होते. एका रात्री छातीत जळजळायला लागल्यावर काकांनी या वेळी स्वतःच मुलीच्या खोलीचे दार वाजवले होते. निघाली ॲसिडिटीच. आपल्या हिश्शाचे बिल आल्यावर काकांनी ते उघडून दोनदा वाचले आणि हिशेबाच्या वहीत लिहून ठेवले. फोन ठेवता ठेवता काकू म्हणाल्या, "ऑक्टोबरची तिकिटं काढलीत. दहा आठवड्यांची."