अद्भुत घटना वाचकाला पटवायची कशी?

तुम्ही विचारलंय, की साध्या घरात काहीतरी चमत्कारिक घडतं अशी कथा लिहिताना त्यामागचं कारण द्यावं लागतं का, आणि नाही दिलं तर वाचक विश्वास कसा ठेवेल. माझं मत अगदी स्पष्ट आहे. कारण देऊ नका, परिणाम लिहा.

फ्रान्झ काफ्का या लेखकाची १९१५ सालची ‘मेटामॉर्फोसिस’ ही कथा बघा. ग्रेगोर साम्सा झोपेतून उठतो तो किडा होऊनच. का, हे शेवटपर्यंत कळत नाही. पण गजर चारचा लावला होता, आता साडेसहा वाजलेत, पाचची गाडी गेली, साहेब काय म्हणतील, हे सगळं आपल्याला कळतं. पाय हवेत वळवळताहेत आणि डोक्यात नोकरीचा घोर! किडा खरा वाटतो तो त्या चुकलेल्या गाडीमुळे.

गाब्रिएल गार्सिया मार्केसच्या एका कथेत अंगणातल्या चिखलात पंख असलेला म्हातारा सापडतो. घरातलं जोडपं त्याला कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवतं, बघायला येणाऱ्यांकडून पाच-पाच सेंट घेतं आणि त्या पैशांतून दुमजली घर बांधतं. पंखही काही तेजस्वी वगैरे नाहीत. मळलेले, अर्धी पिसं झडलेले. म्हाताऱ्याला तपासणाऱ्या डॉक्टरला ते त्याच्या शरीराला इतके साजेसे वाटतात, की बाकीच्या माणसांना पंख का नाहीत, हेच त्याला कळेनासं होतं. मला ही जागा फार आवडते. म्हाताऱ्याच्या पंखांचं नवल उरतच नाही, आपल्या मोकळ्या पाठीचं वाटू लागतं.

आता तुमच्यासाठी एक बीज. शिवणकाम करणारी एक बाई आहे. तिने शिवलेला सदरा घालून झोपलं, की तो आधी ज्याने घातला असेल त्याला पडलेली स्वप्नं आपल्याला पडतात. इथे यंत्र शापित आहे का, दोरा कुठून आणला, यात शिरू नका. गिऱ्हाइकं काय करतील ते बघा. कोणी भांडायला येईल, कोणी सदरा धुवायचंच टाळेल. भावाभावांत जुने कपडे देणं-घेणं बंद होईल. आणि एक विधवा नवऱ्याचा सदरा घेऊन येईल, म्हणेल, माझ्या मापाचा करून द्या. बाई टाचण्या तोंडात धरून माप घेते आणि विचारते, बाह्या किती आखूड करू? कथा इथे आहे. हा प्रसंग तब्येतीत लिहा, बाकीचं दोन-चार वाक्यांत उरकलं तरी चालेल.

अद्भुत गोष्ट शक्यतो एकच ठेवा आणि तिचा नियम मध्येच बदलू नका. सदऱ्यातून स्वप्नं पडतात म्हटल्यावर मांजर बोलायला लागलं, तर वाचक दोन्हींवरचा विश्वास सोडतो. शेवटी ‘हे सगळं स्वप्न होतं’ हा खुलासा तर नकोच. विश्वास ठेवणाऱ्या वाचकाचा तो अपमान आहे.

भाषेचं म्हणाल, तर निवेदकाने चकित होऊ नये. पहिल्या खर्ड्यातले ‘अचानक’, ‘आश्चर्य म्हणजे’ असले शब्द काढून टाका. ‘तिला धक्काच बसला’ असं लिहिण्यापेक्षा ‘तिने कॉलर उसवून आत पाहिलं’ एवढं पुरतं.