सिनेमाच्या प्रेक्षकांचा सामाजिक इतिहास अभ्यासायचाय, जुने सिनेमे बघून सुरुवात करू का?

नका करू, निदान आधी तरी नको. पडद्यावर काय होतं यापेक्षा पडद्यासमोर कोण बसलं होतं, कोणाबरोबर आलं होतं आणि कोणाला वेगळं बसवलं जायचं हे शोधायचंय ना तुम्हाला? अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांना बऱ्याच थिएटरांत बाजूच्या दाराने वर बाल्कनीत पाठवायचे, हे सिनेमात कुठे दिसणार!

शिवाय पूर्वी ब्रिटन-अमेरिकेत शो सलग चालायचे, तिकीट काढून कधीही आत शिरायचं, पिक्चर अर्धा झालेला असला तरी, मग तो संपून पुन्हा सुरू झाला आणि आपण आलो तेव्हाचा सीन आला की उठून घरी. आता अशा प्रेक्षकाला शेवट कसा वाटला असेल हे आपण सुरुवातीपासून सलग सिनेमा बघून कसं सांगणार?

एक शहर आणि थोडीच वर्षं घ्या, उगाच अख्ख्या देशाला हात घालू नका. एमिली आल्टेनलोह या जर्मन अभ्यासक बाईंनी सिनेमाच्या प्रेक्षकांवर १९१४ साली छापलेला प्रबंध मुख्यतः जर्मनीतल्या एकट्या मानहाइम शहरावर आहे, त्यासाठी सुमारे २,४०० लोकांकडून प्रश्नावली भरून घेतली होती.

कागद म्हणाल तर लायसन्सच्या फायली, आगीच्या विम्यासाठी काढलेले नकाशे, पेपरातल्या जाहिराती, थिएटरच्या हिशेबाच्या वह्या (मिळाल्या तर नशीब). पण एकाच कागदावर भिस्त नको. रॉबर्ट ॲलन या सिनेमाच्या इतिहासकाराने १९७९ मध्ये व्यवसायांच्या जुन्या डिरेक्टरीतून न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनची निकेलोडियन (पाच सेंट तिकिटाची सुरुवातीची छोटी) थिएटरं शोधली आणि म्हटलं की तिथे फक्त गरीब स्थलांतरितच जायचे हे काही खरं नाही, मध्यमवर्गही होता, तर १९९५ मध्ये बेन सिंगर या दुसऱ्या अभ्यासकाने दाखवलं की कित्येक थिएटरं त्या डिरेक्टरीत आलेलीच नाहीत. मग जे जुंपलं दोन्ही बाजूंनी! तो वाद आधी वाचा, पुराव्याकडे कसं बघायचं ते त्यातून जेवढं कळतं तेवढं कुठल्या क्लासात कळणार नाही.

आणि म्हातारी माणसं भेटत असतील तर आधी त्यांना गाठा, कागद कुठे पळून जात नाहीत. ॲनेट कून या अभ्यासक बाईंनी १९३० च्या दशकातल्या ब्रिटिश प्रेक्षकांना त्यांच्या म्हातारपणी बोलतं केलं तेव्हा लोक सिनेमाच्या गोष्टीपेक्षा चालत जाणं, सोबतची भावंडं, अंधारातली मजा यावरच जास्त बोलले. म्हणून 'कोणता सिनेमा आवडला' विचारत बसू नका, 'कसे जायचात, पैसे कोण द्यायचं, कुठे बसायचात' हे विचारा. सालं मात्र त्यांच्या आठवणीवर सोडू नका, ती जाहिरातींवरून लावून घ्या.