ठेव मोडून कर्ज फेडायचं? या वर्षी नको

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तीन आठवड्यांपूर्वी मिस्टरांची व्हिपल शस्त्रक्रिया झाली, म्हणजे स्वादुपिंडाचा काही भाग गाठीसकट काढला, आता ते घरी आहेत आणि पुढे केमो ठरलाय. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात : नोकरी सोडून त्यांच्याजवळ राहू का, आणि मुदत ठेव मोडून घराचं कर्ज एकदाचं फेडून टाकू का? माझ्या मते या वर्षी दोन्ही नको.

कर्जाचं आधी बोलू. तुमच्याच आकड्यांनुसार ठेव 14 महिन्यांच्या घरखर्चाइतकी आहे. त्यातला 11 महिन्यांचा पैसा कर्जात जाईल. उरलेल्या 3 महिन्यांच्या पैशात, हप्ता बंद झाला म्हणून, फार तर 4 महिने निघतील. त्यांची पगारी रजा दोन महिन्यांत संपते आणि केमो साधारण सहा महिने चालतो. तुमचाही पगार थांबला, तर केमो संपायच्या आत पैसे संपतील. कर्जात भरलेले पैसे बँक परत देत नाही, आणि नवं कर्ज मागायला गेलात तर ती आधी पगाराची स्लिप मागेल. दर महिन्याला हप्ता जाताना जीव खालीवर होतो हे मला कळतं. तरीही हप्ता चालू द्या.

हॉस्पिटलचं बिल एकदा येतं, घरचा खर्च मात्र रोज झिरपत राहतो. तुम्ही लिहिलंय, दोन घासांत त्यांचं पोट भरतं, म्हणून दिवसातून सहा वेळा थोडं थोडं देता. त्या प्रत्येक वेळी पचनाच्या एन्झाइमची कॅप्सूल. समजा तीन वेळा दोन-दोन आणि तीन वेळा एक-एक, तर दिवसाला 9, महिन्याला 270. डोस डॉक्टर ठरवतील, पण हा खर्च बहुधा कायमचा धरून चला. स्वादुपिंडाचा भाग गेल्यावर काहींना मधुमेहही होतो, मग साखर तपासायच्या पट्ट्या आणि इन्सुलिन आलं. शिवाय जंतुसंसर्ग झाला, पोट नीट रिकामं होईना, तर पुन्हा दाखल व्हावं लागतं. तेव्हा रोख लागते, तीही त्याच रात्री. म्हणून तीन महिन्यांचे पैसे बचत खात्यात ठेवा आणि बाकीच्याच्या लहान लहान ठेवी करा. थोडं व्याज बुडेल. बुडू दे.

आता नोकरी. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही कंसात लिहिलीत : दोघांचा आरोग्यविमा तुमच्या ऑफिसकडून आहे. नोकरी सुटली की हा विमा सहसा जातो, आणि या आजारानंतर नवी पॉलिसी मिळणं फार अवघड. राजीनाम्याऐवजी बिनपगारी रजा मागा, अर्धवेळ काम मागा. रजेच्या काळात विमा चालू राहतो का आणि विम्याचा हप्ता कोण भरणार, हे एचआरकडून लेखी घ्या. घरच्या औषधांचे पैसे मिळतात का, तेही त्याच पत्रात विचारा.

आणि सगळी रजा आत्ताच संपवू नका. त्यांना तुमची गरज दोनदा लागणार आहे : एकदा आता, टाके ओले असताना, आणि एकदा केमोत, थकवा साठत जाईल तेव्हा. दीर ‘काही लागलं तर सांगा’ म्हणतात ना? त्यांच्याकडे उसने मागण्याऐवजी केमोच्या तारखा द्या आणि ने-आण त्यांच्यावर सोपवा.

केमो संपला, तपासण्या झाल्या, ते कामावर रुजू झाले, की कर्जाचा थोडा भाग फेडायचं बघू.

एक काम मात्र याच आठवड्यात करा. ठेव त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे असं दिसतं. तुमचं नाव त्यात जोडून घ्या, नॉमिनीची नोंद तपासा. विषय काढणं जड जाईल. दुपारी खाऊन झाल्यावर, ते जरा तरतरीत बसलेले असतील तेव्हा, फॉर्म आणि पेन हाताशी घेऊनच काढा.